डिस्क दिसत नाही म्हणून फॉरमॅट करू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांतल्या जुन्या संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू या लिनक्सच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आल्या. मला याचा मनापासून आनंद आहे. प्रोसेसर, मेमरी, पडदा सगळे ठणठणीत असलेले यंत्र निव्वळ नवे विंडोज त्यावर चढत नाही म्हणून भंगारात जाणे मला बघवत नाही. पण त्याबरोबर या सदराकडे येणारी पत्रेही बदलली. पूर्वी सगळी पत्रे व्हायरसबद्दल असत. आता निम्म्याहून अधिक पत्रांत बाहेरची हार्डडिस्क असते, किंवा काळ्या पडद्यावर अडकलेला संगणक असतो, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच पत्रात असतात. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

प्रश्न : मुलाने दसऱ्याला आमच्या संगणकावर लिनक्स मिंट घालून दिले. फोटोंची बाहेरची हार्डडिस्क ‘आपोआप जोडली जाईल’ अशीही व्यवस्था करून दिली. मागच्या आठवड्यात ती डिस्क सूनबाई सुरतेला घेऊन गेली. तेव्हापासून संगणक चालू केला की मिंटचे चिन्ह येते, मिनीटभर काहीच हलत नाही आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन तो थांबतो. मुलगा पुण्याला असतो. आतली हार्डडिस्क गेली का?
*(निवृत्त शिक्षक, कारेलीबाग)*

उत्तर : काका, आतल्या डिस्कला काहीही झालेले नाही. संगणक सुरतेला गेलेल्या डिस्कची वाट बघतो आहे.

लिनक्समध्ये ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरात ‘एफस्टॅब’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. संगणक सुरू होताना कोणकोणते डिस्कचे भाग जोडायचे, त्याची ती यादी. तुम्ही आयुष्यभर हजेरी घेतलीत, तेव्हा असे समजा की हा हजेरीपटच आहे, फक्त यातले एक मूल गैरहजर असले तर वर्गच सुरू होत नाही. यादीतली डिस्क सापडली नाही की लिनक्स दीड मिनीट, म्हणजे ९० सेकंद थांबते. तेवढ्यात ती आली नाही तर पुढे जाणे धोक्याचे आहे असे समजून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये उतरते. मिंटचे चिन्ह दिसत असताना एस्केप दाबलेत तर मागच्या ओळी दिसतील. त्यांत ‘ए स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी ओळ असेल आणि शेजारी सेकंद मोजले जात असतील. ही ओळ दिसली की निदान झालेच म्हणून समजा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती डिस्क परत येऊ द्या, जोडा आणि संगणक चालू करा. तो नेहमीसारखा उघडेल. मग घाई न करता कायमची दुरुस्ती करता येईल. मेनूत ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम आहे. तो उघडून डावीकडे बाहेरची डिस्क निवडा, तिच्या भागाखालचे दातेरी चाकाचे चिन्ह दाबा आणि ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘यूजर सेशन डीफॉल्ट्स’ चालू करा. एवढे केले की हजेरीपटातली ती ओळ निघून जाते. डिस्क नंतर जोडलीत तरी मिंट ती आपणहून दाखवतेच, त्यासाठी यादीत नाव असण्याची गरज नाही. माझे स्पष्ट मत आहे की जी वस्तू घराबाहेर जाऊ शकते तिचे नाव एफस्टॅबमध्ये घालूच नये.

पण सूनबाई लवकर परतणार नसतील तर? मग त्या काळ्या पडद्यावरच काम करायचे. तिथे ‘प्रेस एंटर फॉर मेंटेनन्स’ लिहिलेले असेल. एंटर दाबा. लुकलुकणारी रेघ आली की ‘नॅनो’ हा शब्द, एक जागा सोडून तिरकी रेघ, ‘ईटीसी’, पुन्हा तिरकी रेघ, ‘एफस्टॅब’ असे टाइप करून एंटर. यादी उघडेल. तीत बाहेरच्या डिस्कची ओळ ओळखायची. मुलाने जोडण्याची जागा म्हणून ‘मीडिया’ किंवा ‘एमएनटी’ असे फोल्डर दिले असेल, त्यावरून ती कळते. ज्या ओळीत जोडण्याची जागा म्हणून नुसती एक तिरकी रेघ आहे ती तुमची मुख्य डिस्क, तिला हात लावू नका. ‘बूट’ आणि ‘ईएफआय’ असलेल्या ओळीलाही नको. बाहेरच्या डिस्कच्या ओळीच्या अगदी सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाइप करा, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. कंट्रोल आणि ओ, मग एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. शेवटी ‘रीबूट’. फाइल जतन होत नाही अशी तक्रार आली तर मुख्य डिस्क नुसती वाचण्यापुरती जोडलेली आहे. तेव्हा ‘माउंट’, जागा, ‘-ओ’, जागा, ‘रीमाउंट,आरडब्ल्यू’, जागा, तिरकी रेघ अशी आज्ञा देऊन पुन्हा प्रयत्न करा.

मुलाला हे पत्र दाखवाल तेव्हा त्याच्यासाठी दोन ओळी. डिस्क आपोआप जोडली जावी असा आग्रहच असेल तर चौथ्या रकान्यात ‘डीफॉल्ट्स’च्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिही आणि ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ १० सेकंदांवर आण, मग डिस्क नसली तरी यंत्र उघडेल. आणि ओळीत ‘एसडीबी१’ असले नाव न देता डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिची न बदलणारी ओळख, दे. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात, आज जी बी आहे ती उद्या एखादा पेनड्राइव्ह लावलेला असला तर सी होईल. बदल केल्यावर यंत्र बंद करण्याआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून बघ. चूक असेल तर ती तिथेच सांगते, आईवडिलांना अंधारात बसावे लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे उलटे होते. बाहेरची डिस्क लावलेली असली की कॉम्प्युटर चालूच होत नाही, काळ्या पडद्यावर नुसती रेघ. डिस्क काढली की लगेच चालू.
*(गृहिणी, मांजलपूर)*

उत्तर : ताई, चालू होताना तुमचे यंत्र आधी यूएसबीवर ऑपरेटिंग सिस्टिम शोधते आहे आणि फोटोंच्या डिस्कवर ती कुठून असणार! चालू करताच एफ२ किंवा डिलीट दाबून सेटिंगमध्ये जा, ‘बूट ऑर्डर’ शोधा आणि आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणा. लिनक्सशी याचा काही संबंध नाही.

प्रश्न : मी तबला वाजवतो आणि शिकवतो. गुरुजींच्या आणि जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची एक हार्डडिस्क आहे. माझ्या लिनक्सच्या संगणकावर ती व्यवस्थित चालते. पुतण्याच्या विंडोज लॅपटॉपला लावली तर ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे आले. आम्ही घाबरून काढून टाकली. एका दुकानात दाखवली तर त्यांनीही फॉरमॅटच सुचवले. काय करू?
*(तबलावादक, दांडिया बाजार)*

उत्तर : काढून टाकलीत ते फार योग्य केलेत. घरी लिनक्सवर लावून एकदा सगळे उघडते आहे ना ते बघा आणि त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत करा. बाकीचे नंतर वाचा.

झाले काय ते सांगते. तुमची डिस्क बहुधा ‘एक्स्ट४’ या लिनक्सच्या पद्धतीने आखलेली आहे. विंडोजला एनटीएफएस, फॅट३२ आणि एक्सफॅट वाचता येतात, एक्स्ट४ आपणहून वाचता येत नाही. न वाचता आलेल्या डिस्कबद्दल विंडोज ‘मला ही भाषा कळत नाही’ असे म्हणत नाही, सरळ फॉरमॅटची खिडकी उघडते. त्या खिडकीत ‘कॅन्सल’ हे एकच बटण आपले. दुकानदाराने तीच खिडकी बघून तोच सल्ला दिला याचे मला वाईट वाटते, कारण आत काय आहे हे विचारण्याचे काम त्यांचे होते. १८८६ साली गायक-वादक मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने या शहरात गायनशाळा उघडली. तिथपासून चालत आलेल्या बडोद्याच्या गाण्याबजावण्यातल्या किती मैफली आज अशा एकेकट्या डिस्कवर, कुणाच्या तरी कपाटात आहेत! त्यांची दुसरी प्रत नसणे ही मला यंत्राच्या कुठल्याही बिघाडापेक्षा मोठी चिंता वाटते.

ज्या वाचकांनी चुकून फॉरमॅट दाबलेच असेल त्यांनी त्या क्षणी थांबावे. डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नये. झटपट फॉरमॅटमध्ये सगळा मजकूर पुसला जात नाही, मुख्यतः कुठे काय आहे याच्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात. ‘टेस्टडिस्क’ आणि त्याच्या जोडीचा ‘फोटोरेक’ हे दोन मोफत प्रोग्राम त्यातून पुष्कळ परत आणू शकतात. फोटोरेकने आणलेल्या फाइलींची मूळ नावे मात्र जातात, त्यामुळे कुठला राग, कुठले साल हे ऐकून ऐकून लावावे लागते. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर आशा बरीच कमी, कारण फॉरमॅट करताना रिकामी जागा खरोखरच पुसायला सांगितली जाऊ शकते.

दोन्ही घरी चालणारी डिस्क हवी तर नवी घेऊन ती एक्सफॅटने आखा. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षीच्या ५.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्सला ती थेट समजते. फॅट३२ घेऊ नका, तीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि मैफलीचा एकसलग व्हिडिओ सहज त्याहून मोठा असतो. एक्सफॅटमध्ये अर्धवट लिहिलेले सावरून घेण्याची सोय नाही, म्हणून डिस्क काढण्याआधी ‘इजेक्ट’ दाबायचेच. मूळ संग्रह एक्स्ट४वरच राहू द्या आणि तो घराबाहेर नेऊ नका.

एनटीएफएसबद्दलही याच पोटात सांगून टाकते, कारण तशीही पत्रे आहेत : विंडोजवर वापरलेली डिस्क लिनक्सला लावली तर फोटो दिसतात पण नवे काही ठेवता येत नाही. कारण बहुतेक वेळा विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ असते. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते आणि डिस्कवर ‘माझे काम बाकी आहे’ अशी खूण ठेवते. ती खूण बघून लिनक्स लिहायला नकार देते, आणि तेच बरोबर आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, मग डिस्क विंडोजला लावून ‘चेकडिस्क’ चालवा आणि नीट इजेक्ट करा. लिनक्सवर ‘एनटीएफएसफिक्स’ नावाची आज्ञा आहे, पण ती मुख्यतः खूण पुसते, खरी तपासणी विंडोजच करते. विंडोजचा संगणक हाताशी असताना मी ती वापरत नाही.

प्रश्न : लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, कॉपी पूर्ण झाली असे दिसले, काढून स्टुडिओत दिला. तिथे अर्धे फोटो उघडलेच नाहीत. पेनड्राइव्ह नकली आहे का?
*(वाघोडिया रोड)*

उत्तर : नकली असूही शकतो, पण आधी दुसरे तपासू. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी लिनक्सने बराचसा मजकूर अजून मेमरीतच ठेवलेला असतो आणि तो सावकाश पेनड्राइव्हवर उतरत असतो. इजेक्ट दाबल्यावर ‘आता काढू शकता’ अशी सूचना येईपर्यंत थांबा. स्वस्त, संथ पेनड्राइव्हला काही मिनिटे लागतात. फोटो घरच्या संगणकावर आहेतच, पुन्हा कॉपी करा. तरीही तसेच झाले तर ‘एफ३’ नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हची खरी क्षमता तपासता येते.

प्रश्न : मी फतेगंजला खोली घेऊन राहतो, इंजिनीअरिंगला आहे. लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागू नये म्हणून उबुंटू एका बाहेरच्या एसएसडीवर घातले. एसएसडी लावलेली असली की दोन्ही चालतात. काढली की काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढेच येते आणि विंडोजही सुरू होत नाही. मित्र म्हणतो विंडोज पुन्हा घालावे लागेल. पुढच्या महिन्यात सबमिशन आहे.
*(विद्यार्थी)*

उत्तर : विंडोज पुन्हा घालू नकोस. ते जागेवर आहे, फक्त त्याच्या आधी दारात दुसरा कुणी उभा राहिला आहे.

तुझ्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी उठून यंत्र सुरू करून देणारे, यंत्रातच बसवलेले फर्मवेअर. आतल्या डिस्कवर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाचा फॅट३२चा एक छोटा भाग असतो आणि सुरुवात करून देणारे प्रोग्राम तिथे राहतात. उबुंटू तू एसएसडीवर घातलेस, पण इन्स्टॉलरने ग्रब हा आपला सुरुवातीचा प्रोग्राम आतल्या डिस्कच्याच ईएफआय भागात ठेवला. असे अनेकांचे होते. आता यंत्र चालू झाले की आधी ग्रब उठतो, आपली यादी वाचायला एसएसडी शोधतो, ती नसते, आणि तो तिथेच थांबतो.

आजच्या आज सबमिशनचे काम सुरू करायचे तर : चालू करताना बूट मेनूचे बटण दाब. कंपनीप्रमाणे ते एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ दिसेल, ते निवड. विंडोज उघडले की पहिले काम, डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर चालू आहे का ते बघ आणि असल्यास त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत लिहून ठेव. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की बिटलॉकर ती ४८ अंकी की मागू शकतो आणि त्या वेळी ती जवळ नसली तर फार पंचाईत होते. की हातात आली की मगच फर्मवेअर सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आण. एवढ्याने एसएसडीशिवाय विंडोज नेहमीसारखे उघडेल. सबमिशन होईपर्यंत इथेच थांबलास तरी चालेल.

पुढचे काम सुट्टीत कर. एसएसडी स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी, म्हणजे तिच्यावर तिचा स्वतःचा ईएफआय भाग हवा. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर न घालता ज्यावरून उबुंटू थेट चालते तो) सुरू कर आणि डिस्कचे भाग पाडणाऱ्या ‘जीपार्टेड’ने एसएसडीवर साधारण ५०० एमबीचा फॅट३२ भाग बनवून त्याला ‘ईएसपी’ ही खूण दे. कुठली डिस्क कुठली हे ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने आकार बघून दोनदा पडताळ, इथली गफलत थेट विंडोजवर बेतते. मग एसएसडीवरचे उबुंटू सुरू करून त्याच्या एफस्टॅबमध्ये ‘बूट/ईएफआय’च्या ओळीत जुन्या भागाऐवजी या नव्या भागाचा यूयूआयडी लिही, तो भाग जोड आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा ‘--रिमूव्हेबल’ या पर्यायासह चालव. या पर्यायामुळे ग्रब ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ या ठरलेल्या नावाने बसतो. कुठल्याही यूईएफआय यंत्राला यूएसबीची डिस्क लावली की ते याच नावाची फाइल शोधते, म्हणून तुझी एसएसडी कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्रावरही, तिथे परवानगी असली तर, सुरू होईल.

आतल्या डिस्कवरचे ‘उबुंटू’ नावाचे फोल्डर पुसायची घाई करू नकोस. ते तिथे पडून राहिले तरी काही बिघडत नाही. आणि ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले की इंटरनेटवरच्या आज्ञा एकामागून एक मारत सुटणाऱ्या मित्रांना लॅपटॉपपासून दूर ठेव.

प्रश्न : वीज गेली आणि आली. आता संगणकावर ‘बिझीबॉक्स’ आणि कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असे येऊन थांबते.
*(रावपुरा)*

उत्तर : लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे आतल्या डिस्कच्या नोंदी विस्कटल्या आहेत आणि लिनक्सला त्या तुमच्या परवानगीशिवाय दुरुस्त करायच्या नाहीत. वरच्या ओळीत डिस्कच्या भागाचे नाव दिलेले असेल, उदाहरणार्थ ‘डेव्ह/एसडीए२’. ‘एफएससीके’, जागा, ‘-वाय’, जागा आणि ते नाव, सुरुवातीच्या तिरक्या रेघेसकट, टाइप करा. दुरुस्ती झाली की ‘एक्झिट’. डिस्कवर एकमेव प्रत असलेले काही असेल तर मात्र आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून ते बाहेर काढा, दुरुस्ती मग. हाच प्रकार वीज न जाताही पुन्हा झाला तर डिस्कच थकली आहे.

प्रश्न : ऑगस्ट २०२४च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरले. खालच्या कप्प्यातली बाहेरची हार्डडिस्क दोन दिवस पाण्यात होती. उन्हात वाळवून जपून ठेवली. तिच्यात सासऱ्यांच्या शेवटच्या वर्षांतले सगळे फोटो आणि आवाज आहे. आता घरी लिनक्स आल्यावर लावून पाहिली तर टक टक आवाज येतो, पडद्यावर काहीच दिसत नाही. लिनक्समध्ये फाइली परत आणणारे चांगले प्रोग्राम असतात म्हणे. कुठला वापरू?
*(समा भागातून एक वाचक)*

उत्तर : ताई, कुठलाच नाही. पत्र वाचताक्षणी ती डिस्क काढून ठेवा आणि पुन्हा लावू नका.

विश्वामित्रीचे पाणी घरात येते तेव्हा ते नुसते पाणी नसते, त्यात गाळ असतो. बहुतेक हार्डडिस्कना हवेच्या दाबासाठी एक बारीक छिद्र असते, त्याला गाळणी असते, पण दोन दिवस बुडालेल्या डिस्कला ती पुरत नाही. आत चकत्या मिनिटाला ५,४०० फेरे या वेगाने फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून मिलिमीटरच्या काही लाखांव्या भागाएवढ्या अंतरावर तरंगते. तेवढ्या फटीत वाळलेल्या गाळाचा एक कणसुद्धा मावत नाही. टक टक आवाज म्हणजे ते टोक आपली जागा शोधते, सापडत नाही, परत जाते, पुन्हा शोधते. प्रत्येक टकटकीत चकतीवर ओरखडा पडण्याची शक्यता आहे आणि जिथे ओरखडा पडला तिथला फोटो कुणालाच परत आणता येत नाही. प्रोग्राम कितीही चांगला असला तरी तो त्याच टोकाकडून वाचून घेणार.

पुरात न भिजलेल्या डिस्कची टकटक वेगळी असू शकते, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी : छोट्या, अडीच इंची डिस्कला वेगळी वीज नसते, ती यूएसबीच्या वायरीतूनच घेते. यूएसबी २ची खाच ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ची ९००. कॅबिनेटच्या पुढच्या खाचा, लांब वायरी आणि हब यांतून ती आणखी अपुरी पडते आणि डिस्क फिरायला सुरुवात करून दम तोडते. कॅबिनेटच्या मागच्या खाचेत, आखूड आणि चांगल्या वायरीने लावून बघा. टकटक थांबली तर प्रश्न मिटला. थांबली नाही तर तिथेच थांबा.

आणि डिस्क नीट फिरते, दिसते, पण कॉपी करताना मध्येच अडकते असे असेल तर ‘स्मार्टसीटीएल’ने तिची तब्येत वाचा. डिस्क ज्या यूएसबीच्या डबीत बसवलेली असते ती डबी ही माहिती पुढे जाऊ देत नसेल तर ‘-डी सॅट’ हा पर्याय देऊन पाहा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींतले शेवटचे आकडे शून्य असायला हवेत. ते वाढत असतील तर चकतीचे भाग निकामी होत आहेत. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष सहसा वायरीचा किंवा जोडणीचा असतो, डिस्कचा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि चांगल्या डिस्क टाकून दिल्या जातात. निकामी होऊ लागलेल्या डिस्कवर ‘एफएससीके’ किंवा ‘चेकडिस्क’ चालवू नये. ‘डीडीरेस्क्यू’ने तिची संपूर्ण नक्कल एका मोठ्या, निरोगी डिस्कवर उतरवावी आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करावेत. उबुंटू आणि मिंटमध्ये पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. पहिल्या फेरीत ‘-एन’ पर्याय द्यावा, म्हणजे तो सहज वाचता येणारे आधी उचलतो आणि अवघड जागांशी झगडत बसत नाही. तिसऱ्या जागी नकाशाच्या फाइलचे नाव द्यायला विसरू नये. मध्येच वीज गेली तर त्या नकाशावरून काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग निरोगी. हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

तुमच्या डिस्कसाठी, ताई, धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच जावे लागेल. खर्च बराच येतो, हे आधी मनाशी धरा. त्याआधी घरातले सगळे जुने मोबाइल, मेमरी कार्डे, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो गोळा करा. सासऱ्यांचा आवाज असलेली एखादी ध्वनिफीत कुणाच्या फोनमध्ये पडून असेल. लॅबला देताना कागदावर स्पष्ट लिहून द्या : पुरात किती वेळ होती, कशी वाळवली, त्यानंतर वीज दिली होती आणि टकटक आली. लपवू नका, त्यावर त्यांची पद्धत ठरते. तपासणीचे पैसे किती, काहीच मिळाले नाही तर किती, आणि डिस्क उघडण्याआधी तुम्हाला विचारतील का, हे लेखी घ्या. कुणी काउंटरवरच तिचे झाकण स्क्रूड्रायव्हरने उघडू लागले तर डिस्क उचलून घरी या.

आणि तळमजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळा लागण्यापूर्वी फोटोंची एक प्रत वरच्या मजल्यावर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे, मुलीकडे किंवा बहिणीकडे पाठवा. दिवाळीला ते येतील तेव्हा त्यांची डिस्क घेऊन नवे फोटो तीत भरा आणि सगळे फोल्डर उघडून पाहूनच परत द्या.